फाटकावरचा पहिला प्रश्न

आमच्या एजन्सीचा परवाना हातात आला तेव्हा मला आनंदाआधी राग आला. इतकी वर्षं मी रत्नागिरीत आंब्याच्या बागांना, लॉजना, कारखान्यांना वॉचमन पुरवत होतो. कागद कोणी मागितला नव्हता. मग मासळी परदेशी पाठवणाऱ्या एका कारखान्यात नवा मॅनेजर आला. परवाना नसलेल्या एजन्सीची माणसं नकोत, म्हणाला, आणि माझी माणसं काढली. शेजारच्या कारखान्यावर बिनपरवान्याची एजन्सी खुशाल चालू होती. नियम फक्त मला का, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

पण त्या निमित्ताने सरकार राखणदार कसा पारखतं ते बघायला मिळालं. उंची मोजतात, छाती फुगवायला लावतात, डोळे तपासतात, पोलीस घरी चौकशी करतात. मालकालाही वर्गात बसावं लागतं. राखण मी वर्गात शिकू का, म्हणून आधी भांडलो, मग बसलो, आणि बसल्यावर कान देऊन ऐकू लागलो. शिकवणारा निवृत्त फौजी होता. फाटकावर दोनच गोष्टी बघायच्या, तो सांगे: ओळखपत्र आणि आत जायची परवानगी. मला हे फारच थोडं वाटलं.

परवाना दाखवल्यावर मॅनेजरने आम्हाला परत घेतलं, पण अजमावण्यापुरतं. काम पटलं तर वर्षाचा करार. माझ्याकडे तेवढं मोठं काम दुसरं नव्हतं, म्हणून मी फाटकावर माझा सगळ्यात जुना माणूस ठेवला. देवरुखकडचा, पन्नाशीचा, प्रशिक्षणात पास झालेला.

मॅनेजरने मुद्दाम आपल्या ओळखीचा एकजण पासाशिवाय पाठवला. आमच्या माणसाने त्याला विचारलं, गाव कंचा? तो म्हणाला, संगमेश्वराच्या पलीकडे. मग वाडी विचारली, मग घर, मग आईचं माहेर. शेवटी त्याची चुलती आमच्या माणसाच्या वाडीतली निघाली. त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि स्वतः शीतगृहाच्या दारापर्यंत पोचवून आला.

मला बोलावणं आलं. मी आधी फाटकावर जाऊन आमच्या माणसावर तोंड टाकलं. तो शांतपणे म्हणाला, "शेठ, मानूस खोटा नव्हता. सगळा इचारून घेतला मी."

आणि खरंच, खोटा नव्हता. याच चौकशीसाठी तर मी त्याला बागेवर ठेवत होतो. बागेत कुंपणापाशी दिसलेल्याचं गाव, घर कळलं की तो आंब्याला हात लावत नाही. उद्या बोभाटा कुठे पोचेल ते त्याला ठाऊक असतं. इथे तीच चौकशी उलटली होती. का, ते मला कळेना.

मी मॅनेजरला विचारलं, "म्हणजे कोणालाच न ओळखणारा वॉचमन चांगला?"

"ओळखू दे की," तो म्हणाला. "पण ओळख म्हणजे परवानगी नाही."

मी घासाघीस करून आणखी आठ दिवसांची मुदत मिळवली. रोज सकाळी समोरच्या टपरीवर बसून मी फाटक बघत असे. आमच्या माणसाच्या ओठांवर 'गाव' यायचं, तो ते गिळायचा आणि पास मागायचा. इतका अवघडलेला माणूस मी पाहिला नव्हता.

एका सकाळी मोटरसायकलवरून हत्यारांची पिशवी घेतलेला मेकॅनिक आला. पास नव्हता. अडवल्यावर त्यानेच गोडीत सुरुवात केली, "काका, गाव कंचा तुमचा?"

आमचा माणूस क्षणभर विरघळला. मी टपरीवरून उठलोच.

"ता ड्युटी सुटल्यावर सांगतो," तो म्हणाला. "आधी पास दाखवा."

तेवढ्यात मॅनेजर धावत बाहेर आला. शीतगृहाचा कॉम्प्रेसर बंद पडला होता आणि मेकॅनिक त्यानेच बोलावला होता. पास मात्र पाठवायचा राहिला होता. तो वॉचमनवर ओरडू लागला. मी रस्ता ओलांडून मध्ये उभा राहिलो.

"साहेब, ओळख म्हणजे परवानगी नाही, हे तुम्हीच सांगितलंत."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि मोटरसायकलच्या सीटवर कागद ठेवून पास लिहिला.

करार त्याच दिवशी झाला. त्यात मी एक कलम घालून घेतलं: पास न पोचल्यामुळे कोणी बाहेर राहिला, तर दोष फाटकावरच्या माणसाचा नाही. त्या एका ओळीवर आम्ही दुपारपर्यंत भांडलो.