जोगव्याचे तांदूळ

“एवढं लिवलंय हिनं, पन देवीला कुठला टाइम दिलाय तो वाच ना गो बाय,” काकू ओट्यावर आईला म्हणत होती. दोघी सुपातले तांदूळ निवडत होत्या. कोल्हापूरच्या प्रवासाची आखणी लिहिलेला माझा कागद मध्ये, वाऱ्यानं उडू नये म्हणून अडकित्त्याखाली ठेवलेला. आईनं कागदावर नजर टाकली आणि गंभीरपणे म्हणाली, “शुक्रवार, सकाळी नऊ ते अकरा. अकरानंतर देवीला सुट्टी.” मग दोघी इतक्या हसल्या, की सुपातले तांदूळ ओट्यावर सांडले. मी दाराआड उभी राहून सगळं ऐकत होते. तशीच मागे फिरले आणि कागदाची दुसरी प्रत काढायला बसले.

आमचं गाव शहापूर तालुक्यात, शेणव्याच्या पुढे. कोल्हापूर घरात कुणीच पाहिलेलं नव्हतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मला कावीळ झाली आणि ती फार वाढली. तेव्हा आई दवाखान्यात माझ्या उशाशी बसून अंबाबाईला म्हणाली होती, की पोरगी उठू दे, हिला घेऊन येईन आणि आमच्याच शेतातल्या नव्या तांदळानं तुझी ओटी भरीन. विकतचा दाणा घालणार नाही. मी बरी होऊन दोन वर्षं झाली, पण नवस तसाच राहिला. आई अंगणवाडीत मदतनीस आहे. रजा मिळे तेव्हा शेतात काम असे आणि शेतातलं काम संपे तेव्हा रजा नसे. यंदा डिसेंबरात भाताची झोडणी लवकर उरकली, आईला शुक्रवार-शनिवार मिळाला आणि मी ठरवलं, की आता चुकवायचं नाही.

दोन दिवसांत एक अनोळखी शहर बघायचं, तर आखणी हवीच. आसनगावहून कल्याण, तिथून रात्रीची गाडी, शुक्रवारी सकाळी कोल्हापूर. अंबाबाई, जुना राजवाडा, संध्याकाळी रंकाळा, दुसऱ्या दिवशी पन्हाळा, आणि रात्रीच्या गाडीनं परत. खोली मोबाईलवरून घेतली. स्टेशनपासून देवळापर्यंतची वाट नकाशात इतक्या वेळा पाहिली, की वळणं पाठ झाली. काकू मुरबाडची, चार माणसांत सहज मिसळणारी. तिला माझ्या या आखणीत फक्त गंमत दिसली. खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला अनोळखी माणसाला काही विचारता येत नाही. साधा रस्ता विचारायचा झाला तरी मी न विचारताच पुढे निघून जाते. कुणालाही काहीही विचारावं लागू नये, म्हणून तो कागद होता.

देवाधर्माच्या बाबतीतही मी अशी काठावरच उभी असायचे. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे आरत्या मला निम्म्याच येतात. उरलेल्या निम्म्यात मी टाळ्या जोरात वाजवते. देवी माझ्यासारखीचं ऐकत असेल का, अशी शंका मनात होती. तीही मी कुणाला बोलून दाखवली नव्हती.

निघायच्या दिवशी यादीतली एकेक वस्तू पिशवीत भरत होते. नारळ, खण, हळदकुंकू, तांदूळ. आईनं तांदळासाठी जुन्या निळ्या परकराची पिशवी शिवली होती. ती खुंटीला टांगलेली दिसली. मी काढली, ठेवली, यादीवर खूण केली. त्याच परकरातून आईनं दोन पिशव्या शिवल्या होत्या, हे मला ठाऊक नव्हतं. एकीत निवडलेले नवे तांदूळ, दुसरीत पुढच्या पेरणीसाठी वेचून ठेवलेलं झिनी भाताचं बियाणं. नुसता हात लावला असता, तरी कापडातून भाताचं टोक बोचलं असतं. शेतकऱ्याच्या पोरीला तेवढं कळायला हवं. पण मी पिशवी चाचपली नाही. माझं लक्ष यादीवर होतं.

शुक्रवारी सगळं मिनिटाला मिनिट जुळलं. पावणेनऊला आम्ही ओटीच्या रांगेत होतो. दगडी खांब बघून आई हरखली होती. कोवळं ऊन अंगणात उतरत होतं, घंटा वाजत होत्या, गजऱ्यांचा वास दाटला होता आणि मला माझ्या आखणीचा अभिमान वाटत होता. ताट लावायला आईनं पिशवी सोडली. आत भात होतं, टरफलासकट, पिवळंधमक.

आई नुसती दाण्यांवरून हात फिरवत राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, “बाहेरून तांदूळ आणते.” ती हळूच म्हणाली, “इकतचे नाय चालायचे. मी बोललेय तिला.” पुन्हा अशी दोन दिवसांची रजा कधी मिळणार, हे दोघींनाही माहीत नव्हतं. रांग पुढे सरकत होती. कागदावर अशा वेळेसाठी काहीच लिहिलेलं नव्हतं. मी गाभाऱ्याच्या दिशेनं पाहिलं आणि मनात म्हटलं, आता मला काही सुचत नाही, तूच बघ. ती प्रार्थना नव्हती, निव्वळ हार होती.

मागे एक म्हातारी उभी होती. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, हातात वेताची परडी. तिनं आमच्या पिशवीत डोकावून पाहिलं. “बियाणं आणलंसा व्हय! देवीचं शेत हाय का काय हितं?” आईला रडू येत असतानाच हसू आलं. तिनं सगळं सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “घरचं ऱ्हायलं घरात, इकतचं तुला चालंना. मग मागून घ्या की. जोगव्याचं तांदूळ कुणाचंबी नसत्यात, तिचंच असत्यात. आज वारबी तिचाच हाय.”

आईनं मागायला पदर पुढे केला, तशी म्हातारीनं तिचा हात धरला. “तू न्हवं. नवस कुणासाठी? मग लेकीनंच मागायचं. पाच जणींकडं. पसर गं ओढणी.”

मी ओढणी पसरली. पुढे एक ठसठशीत बाई ताट घेऊन उभी होती, ताटात तांदळाची रास. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. तोंडातून शब्द निघेना. तिनं माझ्याकडे पाहिलं, ओढणीकडे पाहिलं, चेहऱ्यावर दया आली आणि तिनं ओढणीत एक केळं ठेवलं.

“केळं मागितलंस व्हय गं?” मागून म्हातारी ओरडली. “तोंडानं सांग की! ती काय मनातलं वळखतीया?” आई तोंडाला पदर लावून हसत होती, तिचे खांदे हलत होते. रांगेतल्या बायका हसल्या, केळंवाली बाई लाजून हसली आणि मलाही इतकं हसू फुटलं, की मनातली भीती कुठे गेली ते कळलंच नाही.

त्या दिवशी ओटी भरली, ती पाच घरच्या तांदळानं. कुणाचा जाड, कुणाचा बारीक, कुणाचा वासाचा. आईच्या चेहऱ्यावर तसा आनंद मी आधी कधी पाहिला नव्हता. बियाणं आम्ही परत आणलं. त्यातलं मूठभर म्हातारीनं मागून घेतलं, “घरामागच्या परड्यात टाकून बघती” म्हणाली. राजवाडा बघायचा राहून गेला. रंकाळ्यावर म्हातारीही आली आणि तिघींनी मिळून ते केळं खाल्लं. ती म्हातारी कोण होती, आमच्याच मागे का उभी होती, याचा मी फार विचार करत नाही. एवढंच कळतं, की कुणाचंही काही न घेता, सगळं स्वतः जमवून मी देवीपुढे जाणार होते. त्यात तिनं काही द्यायला जागाच मी ठेवली नव्हती. ती जागा एका चुकीनं झाली. त्या चुकीसाठी मी आजही हात जोडते.

पण ही सगळी पुढची गोष्ट. तेव्हा मी ओढणीतलं केळं आईच्या हाती दिलं, ओढणी पुन्हा पसरली आणि त्याच बाईसमोर, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “अंबाबाईचा जोगवा वाढा, माय!”