बिनजाळीची गाडी

आमचे बाबा दिवाळीपासून बोलले नव्हते, आणि त्यावर उपाय म्हणून मी गाडीचा सायलेन्सर बदलायला काढला.

हे मी बाबांच्या डॉक्टरांनाही सांगितलं. त्यांनी काळजीने माझ्याकडेच पाहिलं! पण त्यात तर्क होता. बाबा चांदूर रेल्वेच्या एका जिनिंगचे, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याचे, मॅनेजर. कापूस येईना म्हणून जिनिंग बंद पडलं. मालक मुंबईला गेले आणि जाताना आपली जुनी, लाल, दोन सीटांची विलायती स्पोर्ट्स कार बाबांना देऊन गेले. (घरात आम्ही तिघं. तिसऱ्याने मागून पळायचं का, ते सांगायचं राहिलं.) बाबा रोज संध्याकाळी इंजिन सुरू करून नुसते ऐकत बसायचे. मग धूर बाहेर नेणारा बिडाचा पाइप इंजिनापाशीच तडकला आणि गाडी अंगणात उभी राहिली.

त्या वर्षांत सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची. आज कोणत्या गावच्या कोणत्या शेतकऱ्याने जीव दिला ते छापलेलं असायचं. त्यातली कितीतरी नावं बाबांच्या ओळखीची, त्यांचा कापूस बाबांनी वर्षानुवर्षं तोलून घेतलेला. दिवाळीत असंच एक नाव आलं. बाबांनी पेपरची घडी घातली आणि बोलणंच सोडलं.

"गाडीचा आवाज आला तर कदाचित बोलतील," मी आईला म्हटलं.

"कर माय, काहीबी कर," आई म्हणाली. "भिताडाशी बोलू बोलू मले आता भिताडच बरं वाटून राह्यलं."

मी अमरावतीला बँकेत नोकरीला, रोज जाऊन-येऊन. तिथल्या सायबर कॅफेत बसून मी शोध लावला की जुन्या स्पोर्ट्स कारला 'हेडर' बसवतात. चार सिलिंडरच्या चार नळ्या निघतात, पुढे एक होतात आणि इंजिन वाघासारखं गुरगुरतं. आमच्याकडे हे काम करणारे एकच, ट्रॅक्टरचे सायलेन्सर बनवणारे सलीमभाई.

"जमेल ना?"

"ताई, ट्रॅक्टर काय न् मोटार काय, धूर तं धूरच हाये!"

त्यांना अंगणात सोडून मी बँकेत गेले. (हुशार माणसं अशीच वागतात.) संध्याकाळी परतले तर चार नळ्या सुरेख एकत्र आल्या होत्या आणि त्यांची झालेली एक जाड नळी बॉनेट फाडून माझ्या डोक्याच्याही वर गेली होती.

"सलीमभाई! बॉनेट कापलं?"

"साहेबाचाच, तुमच्या बाबाचाच नियम हाये, ताई. नळी वर नसन तं जिनिंगच्या गेटातून गाडी आत घेत नव्हते. कापसाले ठिणगी लागते ना!"

"पण जिनिंग बंद आहे!"

"जिनिंग बंद हाये. साहेब तं साहेबच हायेत. कापाच्या आंधी मी इचारलं बी, 'साहेब, इथून कापू का?' ते काही नाही म्हनले नाही."

बाबा कशालाच नाही म्हणत नव्हते. आपल्या गाडीचं बॉनेट कापताना ते ओट्यावरून शांतपणे बघत बसले होते, हे ऐकून मला रडू आलं.

"नळीच्या तोंडाची, ठिणगी अडवाची जाळी तेवढी राह्यली," सलीमभाई म्हणाले. "उद्या अकोल्याहून येते. तवरक सुरू नोका करू."

"स्पोर्ट्स कारला कसली जाळी!" मी म्हटलं आणि चावी फिरवली.

वाघ गुरगुरला नाही. त्याला ठसका लागला! नळीतून इंजिनातली कित्येक वर्षांची काजळी उडाली आणि आईने अंगणात वाळत घातलेल्या पांढऱ्याशुभ्र कुरडया काळ्या झाल्या. पाठोपाठ शेजारच्या शोभाकाकूंचं धुणं गेलं. मी गाडी बंद करायची सोडून अॅक्सिलरेटर दाबला. तेव्हा ठिणग्या निघाल्या आणि कुंपणापाशी सरपणासाठी रचलेल्या पऱ्हाटीने, कापसाच्या वाळक्या झाडांनी, पेट घेतला.

"वाळू! वाळू आना! गाडी मांगं घ्या!"

आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो. बाबा उभे होते!

"पाहून काय राह्यले? बादल्या आना! शोभा, दोरीवरचे कपडे काढ! सलीम, पऱ्हाटी मोकळी कर!"

सलीमभाई धावले. मी धावले. आईने हातातलं कुरडयांच्या चिकाचं पातेलंच आगीवर ओतलं आणि ती तिथेच बसून रडायला लागली. आग विझली तेव्हा बाबा घामाने निथळत होते, डोळे लाल झाले होते.

"कोन्या गाढवानं बिनजाळीची गाडी सुरू केली?"

"ताईनं, साहेब," सलीमभाईंनी क्षणाचाही विलंब लावला नाही.

पेपर आमच्याकडे अजून घडीसकट पडून असतो. तो उघडायची हिंमत बाबांनी केली नाही, आम्हीही उघडा म्हणत नाही. पण ते बोलतात. पाहुणे आले की तर भरभरून बोलतात. विषय एकच असतो, बिनजाळीची गाडी सुरू करणारं गाढव; आणि पाहुण्यांना चहा आणून देतं तेही तेच गाढव.