खांबेटेसाहेबांची हजेरी

सूर्यकांत खांबेटे हा माणूस सदतीस वर्षं केंद्र सरकारात राहून एकाही कागदावर न वाचता सही न केलेला. मी त्यांच्याच सेक्शनला टायपिस्ट होते, म्हणून सांगते. मी टाइप केलेल्या पत्रात स्वल्पविराम चुकला तरी परत पाठवायचे. वर "भानुमतीबाई, सरकार आपल्याला कशाचे पैसे देतं?" असं विचारायचे. मी मनातल्या मनात त्यांना हजार शिव्या दिल्या असतील. पण शेजार असा की आमचं क्वार्टर आणि त्यांचं क्वार्टर एकाच जिन्यावर, दिल्लीत सरोजिनी नगरला, आणि त्यांची बायको कुमुद माझी जिवाभावाची. त्यामुळे शिव्या मनातच राहिल्या.

मूलबाळ नाही. पुतण्या यतीन, बार्शीच्या धाकट्या भावाचा मुलगा, यूपीएससी करायला आला तो पाच वर्षं त्यांच्याकडे जेवून-खाऊन राहिला. परीक्षा काही निघाली नाही. मग गुडगावात प्रॉपर्टीच्या धंद्यात शिरला. तेव्हा तिकडे नुसती धूळ आणि बिल्डरांच्या पाट्या होत्या, पण खांबेटेसाहेबांनीही ब्याण्णव साली तिथे फ्लॅट बुक केला. एकट्याच्या नावावर. कुमुद म्हणाली, "माझं नाव कशाला? हे आहेत ना." रिटायर झाल्यावर सरकारी घर आठ महिन्यांत सोडावं लागतं, आणि गावाकडे यांचं काहीच नव्हतं. तो दोन खोल्यांचा फ्लॅट हेच त्यांचं म्हातारपण.

पंच्याण्णवला साहेबांचं बिनसायला लागलं. तीच फाइल दोनदा मागायचे. एकदा जेवणाच्या सुट्टीत मला म्हणाले, "बाई, आपण कोण?" आणि आम्ही काय केलं? सांभाळून घेतलं. सगळ्या सेक्शनने. त्यांच्या नोटिंग्ज आम्ही लिहायच्या, त्यांनी सही करायची. साहेब सज्जन, रिटायरमेंट तोंडावर आलेली, कशाला त्यांची शोभा करा? सत्त्याण्णवच्या जानेवारीत हार-नारळ देऊन निरोप दिला. सर्व्हिस रेकॉर्ड कसं, स्वच्छ धुतल्यासारखं.

फेब्रुवारीत बिल्डरचं पत्र आलं: फ्लॅट तयार आहे, मालकाने येऊन कागदांवर सह्या कराव्यात आणि ताबा घ्यावा. कुमुद त्यांना घेऊन गेली. सही करायच्या जागी साहेबांनी लिहिलं, "कृपया चर्चा करा." दुसऱ्या प्रतीवर लिहिलं, "पाहिले." तिथला मॅनेजर म्हणाला, "आंटीजी, इनकी तबीयत ठीक नहीं है, ऐसे नहीं चलेगा."

यतीन धावत आला. "काकू, सिंपल आहे. काकांचा अंगठा घेऊ, मला पॉवर ऑफ अटर्नी करून द्या, मी सगळं बघतो यार."

"ह्यांना कळत नसताना अंगठा घ्यायचा? ती चोरी झाली, यतीन," कुमुद म्हणाली.

तिचं बरोबर होतं, आणि मलाही त्या मुलाचा "सिंपल" शब्द आवडला नव्हता. मीच तिला वकिलाकडे नेलं. गुणवंत पाटणकर, आमच्या महाराष्ट्र मंडळातले, भले गृहस्थ. ते म्हणाले, माणूस हयात असून त्याला कळेनासं झालं, तर बायको म्हणून बायकोला आपोआप काही करता येत नाही. त्याचं घर, त्याचा पैसा, त्याची सही त्याचीच राहते. सत्त्याऐंशीच्या मानसिक आरोग्य कायद्याखाली जिल्हा कोर्टात अर्ज करायचा. नवरा मानसिक रुग्ण आहे आणि स्वतःची मालमत्ता सांभाळू शकत नाही, असं कोर्टाने ठरवलं की कोर्टच कुमुदला पालक नेमेल. मग तिची सही चालेल.

"मानसिक रुग्ण म्हणजे वेडाच ना?" कुमुदने विचारलं.

"कायद्याची भाषा आहे, वहिनी."

"दुसरं काही लिहिता येत नाही? विसरभोळे असं?"

"नाही येत."

घरी येईपर्यंत ऑटोत ती रडत होती. मी म्हटलं, अगं, कागदावरचा शब्द आहे, त्याने काय माणूस बदलतो? शेवटी सही केली तिने, पण पुढे आठ दिवस साहेबांच्या नजरेला नजर देत नव्हती. आणि ते बापडे विचारत होते, "अगं, चहा झाला का?"

अर्जाची नोटीस बार्शीला भावालाही गेली. त्याच्या वतीने यतीन कोर्टात उभा राहिला आणि म्हणाला, काका बिल्कुल ठीक आहेत, काकूंना उगाच भीती वाटते. मेला! पाच वर्षं तिच्या हातच्या पोळ्या खाल्लेला. जज म्हणाले, ऑगस्टमध्ये खांबेटेंना समक्ष आणा, आम्ही बघतो. पाटणकरांनी आम्हाला धीर दिला. डॉक्टरांचं पत्र आहे, जजसाहेब एक नजर टाकतील, नाव-गाव विचारतील, नुसती औपचारिकता.

आता माझं पाप ऐका.

मला ते सहन होईना. हा माणूस भर कोर्टात उभा राहणार, आणि स्वतःचं नाव सांगता येणार नाही? चपराश्यापासून वकिलापर्यंत लोक फिदीफिदी हसणार? ज्याने मला स्वल्पविरामासाठी रडवलं तो? मी ठरवलं, नाव-गाव तरी नीट सांगू दे. कुमुद दुपारी स्वयंपाकघरात आवरत असायची, आणि मी जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन बाहेरच्या खोलीत साहेबांसमोर बसायचे. मी त्यांच्याशी घरच्यासारखं कधी बोलले नव्हते, म्हणून ऑफिसच्याच सुरात बोलले. "सर, जॉइंट सेक्रेटरी विचारतायत, आपलं नाव?" आणि काय सांगू, तो सूर ऐकला की साहेब ताठ बसायचे! नाव, हुद्दा, रिटायरमेंटची तारीख, घरी कोण असतं. विसरले की पुन्हा. दीड महिना रोज. आपण कशासाठी कोर्टात चाललोय, तिथे साहेबांना जमलं नाही तरच आपलं काम होणार आहे, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. औपचारिकता म्हणाले होते ना! अक्कल गहाण टाकली होती मी.

त्या दिवशी कुमुदने त्यांना निरोपसमारंभाचा सफारी घातला. त्यांची दाढी तिने स्वतःच्या हाताने केली. केसांना तेल. पाहुण्यांसमोर न्यायचं तसं नेलं.

जज खुर्चीत बसले होते. वर खुर्ची, समोर टेबल, टेबलावर फायली. साहेबांनी ते पाहिलं आणि त्यांची पाठ सरळ झाली.

"आपका शुभ नाम?"

"सूर्यकांत खांबेटे, सर. सेक्शन ऑफिसर. रिटायर्ड ऑन थर्टी-फर्स्ट जानेवारी, नाइन्टी सेव्हन."

"घर में कौन है?"

"मेरी धर्मपत्नी, सर. कुमुद."

"गुडगाँव में फ्लैट है आपका?"

हे मी शिकवलं नव्हतं. साहेब टेबलावरच्या फायलींकडे बघून म्हणाले, "मॅटर अंडर प्रोसेस है, सर."

जज हसले. सगळं कोर्ट हसलं, पण कौतुकाने. माझी मान अशी ताठ झाली म्हणून सांगू! मी कुमुदकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. पाटणकरांनी मात्र कपाळाला हात लावला होता.

अर्ज फेटाळला. विस्मरण म्हणजे मानसिक आजार नव्हे, सर्व्हिस रेकॉर्ड निर्दोष आहे, गृहस्थ आपले व्यवहार स्वतः करू शकतात. पाटणकर म्हणाले, अपील करू. कुमुद म्हणाली, आधी दोन दिवस श्वास घेऊ द्या.

यतीनने दोन आठवडे घेतले. एका बुधवारी पेढे घेऊन आला, काकूच्या पाया पडला, म्हणाला, "चुकलो. चला, काकांना गाडीतून फिरवून आणतो." कुमुदने स्वतः साहेबांना इस्त्रीचा शर्ट घालून दिला. तो त्यांना घेऊन सरळ रजिस्ट्रारच्या कचेरीत गेला, हे आम्हाला फार उशिरा कळलं. सोबत कोर्टाच्या निकालाची प्रत. तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं असेल नाव, साहेबांनी सांगितलं असेल हुद्द्यासकट. यतीनच्या नावाने पॉवर ऑफ अटर्नी झाली, सहीही आणि अंगठाही. संध्याकाळी साहेब हातात आइस्क्रीमचा कप घेऊन घरी आले, खुशीत होते.

कोर्टाचा निकाल दाखवला की बिल्डर आता साहेबांची सही घेईल, या आशेने सप्टेंबरात आम्ही दोघी पडद्यांचं माप घ्यायला गुडगावला गेलो, तर दारावर दुसऱ्याच माणसाची पाटी. आतून एक बाई आली, पंजाबी, बिचारी सभ्य. तिने आम्हाला पाणी दिलं आणि कागद दाखवले. यतीनने काकांच्या वतीने ताबा घेऊन फ्लॅट विकला होता, सगळं रीतसर. यतीनचा फोन बंद. बार्शीचा भाऊ म्हणाला, दादानेच सही केली ना, मग?

पाटणकरांच्या ऑफिसात कुमुद टेबलावर हात आपटून म्हणाली, "लिहा, वेडा आहे माझा नवरा! ठार वेडा! मी शंभर कागदांवर सही करते."

पाटणकर खाली बघत म्हणाले, "वहिनी, ते शहाणे आहेत असं कोर्टानेच लिहून दिलंय. ते फिरवायला वर्षं जातील. घर तर तीस तारखेला सोडायचंय."

तीस तारखेला टेम्पो आला. मिरजेला तिच्या भावाने मागची एक खोली देऊ केली होती. साहेब पायरीवर बसून हमालांना ट्रंका नीट लावायला सांगत होते. मला आता राहवेना. कुमुदला आत ओढलं आणि सांगून टाकलं. म्हटलं, मी शिकवलं गं त्यांना, रोज दुपारी, दीड महिना. तुझं घर मी घालवलं. मार मला.

ती रिकाम्या ओट्यावर हात फिरवत उभी राहिली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "सगळं ऐकू यायचं इथे. मी नळ बंद करून ऐकायचे."

"मग मला थांबवलं का नाहीस?"

"दोन वर्षांत त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं, भानू. कुठे विचारलं तर 'ही' म्हणायचे, नाहीतर बावचळून बघायचे. तू विचारायचीस, घरी कोण असतं, सर? आणि ते म्हणायचे, कुमुद." तिने पदराने तोंड पुसलं. "मला ते रोज ऐकायचं होतं."

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. आम्ही दोघींनी साहेबांना दोन्ही बाजूंनी धरून वर चढवलं.