आत्यासाठी टॅब

आमच्या घरात बाळाचं नाव आत्या ठेवते. ठेवते म्हणजे नुसतं बाळाच्या कानात सांगत नाही, निवडतेही तीच, आणि बारशापर्यंत ते आईबापालाही कळत नाही. माझं नाव माझ्या आत्यानं असंच ठेवलं. मला ते आजतागायत आवडलेलं नाही, तरी ही पद्धत मोडावी असं आमच्यात कुणाच्या मनात आलं नाही.

लग्नाला अकरा वर्षं झाली तेव्हा आमच्याकडे गोड बातमी आली. ताई, माझी सख्खी आणि एकुलती एक बहीण, माझ्याहून सात वर्षांनी मोठी, घाटकोपरला राहते. तिला सांगायला मी मुलुंडहून पेढे घेऊन गेलो, तर तिनं आधी तिची बातमी सांगितली. चार महिने आवाज बसलाय म्हणून ती ज्येष्ठमध चघळत होती, तो घशातल्या गाठीनं बसला होता. स्वरयंत्र काढायचं ठरलं होतं, पंधरा दिवसांनी. मग मी माझं सांगितलं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "वाट लागली. आता कुर्र कोण करणार रे?"

बारशाला आत्या पाळण्याशी बसते, बाळाच्या कानाशी तोंड नेऊन 'कुर्रर्र' करते, नाव सांगते, आणि जमलेल्या बायका तिच्या पाठीत हौसेनं धपाटे घालतात. ताईनं या धपाट्यांची अकरा वर्षं वाट पाहिली होती. "होईल गं काहीतरी," मी म्हटलं. असं बोलणाऱ्या माणसाचा मला स्वतःलाच राग येतो.

त्या पंधरा दिवसांत ताई बोलत सुटली. ती एका पतपेढीत काउंटरवर बसायची, त्यामुळे बोलायची सवय आधीच दांडगी. टाइप करायचा कंटाळा, म्हणून सगळ्यांना फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायची. मला रोज दोन-तीन तरी यायचे, एकेक दोन-अडीच मिनिटांचा. सुरुवातीचे मी ऐकले. मग ऑफिसात होतो, मग रिक्षात होतो, मग नंतर ऐकू म्हणून ठेवून दिले. आणि ऑपरेशन झाल्यावर ते ऐकायची माझी छाती झाली नाही. ताई समोर वहीत लिहून बोलत असताना फोनमध्ये तिचा आवाज ऐकायचा, हे मला जमेना. पुढे ते बाकीच्या मेसेजखाली गाडले गेले.

ऑपरेशननंतर ती बरी झाली, पण वहीनं आमचा जीव घेतला. ती लिहीपर्यंत समोरच्याचं दुसरंच काही सुरू व्हायचं, मग ती वही फेकायची. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र डॉक्टरांनी सुचवलं होतं. ते एकदा लावलं, आरशात बघितलं आणि कपाटात टाकलं. शेवटी हॉस्पिटलमधल्या वाचा शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, एक चांगला मोठा टॅब घ्या, लिहिलेलं बोलून दाखवतो. तेव्हा माझ्या बायकोला आठवा महिना होता. म्हणजे आत्याला बारशाआधी आवाज मिळवून द्यायचा होता, आणि ते काम माझ्यावर आलं.

मी साकीनाक्याजवळच्या एका कंपनीत खरेदी खात्यात आहे. आमच्याकडे साधे हातमोजे घ्यायचे तरी तुलनात्मक तक्ता करतात. डावीकडे गुण, वर दोन-तीन माल, समोर टिकमार्क. मी तसाच तक्ता केला. दोन सर्वांत भारी टॅब, तेवीस ओळी. पडद्याचा आकार, वजन, बॅटरी, पेन पेटीत मिळतं की वेगळं, कीबोर्डचं कव्हर, त्यावरचा ट्रॅकपॅड, एका वेळी किती खिडक्या उघडतात. रात्रंदिवस परीक्षणं बघितली आणि डोकं फिरलं. जो तो एकच रवंथ करत होता, हा लॅपटॉपची जागा घेईल की तो. एक बिजागरीवर दहा मिनिटं बोलला. पण यातला कुठला टॅब मराठी बोलतो, हे एकाही शहाण्यानं सांगितलं नव्हतं. चोविसावी ओळ मी स्वतः लाल पेननं लिहिली: मराठी आवाज.

घाटकोपरच्या एका मोठ्या दुकानात ताईला घेऊन गेलो, तिथे दोन्ही शेजारी शेजारी मांडलेले होते. खरं सांगतो, हातात घेतल्यावर मी तक्ता विसरलो. पहिला इतका पातळ की टेबलावरून उचलताना जपून उचलला. पेन कडेपाशी नेलं तर आपोआप टकन् चिकटलं आणि तिथेच चार्ज व्हायला लागलं. कीबोर्डवर ठेवला तर हवेत तरंगल्यासारखा उभा राहिला. दुसरा थोरला, भाकरीच्या परातीएवढा, आणि एक बटण दाबलं की त्याचा चक्क कॉम्प्युटर व्हायचा. खाली पट्टी, वर खिडक्या, हव्या तशा सरकवा. आम्ही कॉलेजात असताना कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचो. आता तोच कॉम्प्युटर बहिणीच्या मांडीवर बसला होता. मला तिथेच चपला काढाव्याशा वाटल्या.

"लॅपटॉपच समजा सर," दुकानातल्या बाई म्हणाल्या. "लॅपटॉप नकोय हो," मी म्हटलं, "बोलणारा पाहिजे." त्यांना वाटलं मी चिडलोय. चिडलोच होतो, पण त्यांच्यावर नव्हे.

ताई शांतपणे पेन घेऊन बसली. पहिल्या टॅबनं तिचं अक्षर चित्रासारखं तसंच ठेवलं, मराठी हस्ताक्षर त्याच्या गावीही नव्हतं. त्यावर टाइपच करावं लागणार होतं, आणि ताईला टाइप करायचा जन्माचा कंटाळा. दुसऱ्यावर तिनं लिहिलं आणि अक्षरं छापल्यासारखी वर उमटली. फक्त एक घोळ झाला. शाळेत पाटीवर शिकवलं तसं ती आधी सगळी अक्षरं काढायची आणि मग वरून एक लांब रेघ ओढायची. रेघेपर्यंत टॅबनं शब्द घेऊन टाकलेला असायचा, मग तो रेघेची वेगळी आडवी दांडी करून बसायचा. तीनदा तसं झालं. चौथ्यांदा तिनं रेघ न देताच लिहिलं, मान तिरकी करून आपल्या बोडक्या अक्षरांकडे नाराजीनं बघितलं, आणि बोलायचं बटण दाबलं.

"तू जरा गप्प बस," टॅब म्हणाला.

बातम्या देणाऱ्या बाईसारखा स्वच्छ, ठणठणीत आवाज. पाच महिन्यांनी ताईनं मला झापलं होतं. दुकानातल्या बाई हसल्या, पलीकडे फ्रिज बघणारं जोडपं हसलं, आणि मी तिथे उभ्या उभ्या रडलो. मला लाज वाटली नाही. काचेवर पेन फिरवायचं आणि माणसाला आवाज यायचा, याच्याहून मोठं आश्चर्य मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

घेण्याआधी ताईनं आणखी एक गोष्ट तपासली. दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडायला लावल्या, एकीतलं बोटानं ओढून दुसरीत टाकून बघितलं. मग मान डोलावली. मला वाटलं, हिला रेसिपी बघत बघत लिहायची असेल. तक्त्यात ती ओळ अकरावी होती, मी तिला फारसं महत्त्व दिलं नव्हतं.

मग ताई पुन्हा बोलायला लागली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्यावरून भांडली. दारावर येणाऱ्या कोळणीशी पापलेटच्या भावावरून हुज्जत घातली, तेव्हा ती कोळीण टोपली खाली ठेवून टॅबच्या मागून-पुढून बघून आली आणि म्हणाली, "बाय, पाटीला पण तुझंच डोकं हाय गं." मी प्रत्येक वेळी नव्यानं थक्क व्हायचो. ताई होत नव्हती. त्या आवाजाला तिनं 'बातम्यावाली' असं नाव ठेवलं होतं.

मुलगी झाली. सव्वा महिन्यानं बारसं ठरलं. मी तिच्याकडे गेलो आणि आनंदानं म्हटलं, "आता टेन्शन नाही. नाव लिही, बटण दाब, झकास."

तिनं लिहिलं आणि टॅब बोलला, "माझ्या भाचीच्या कानात पहिल्यांदा बातम्यावाली बोलणार? मी नाही बसणार पाळण्याशी. आपल्या चुलतबहिणीला बसव."

माझं डोकंच सटकलं. इतकी वणवण केली, चोवीस ओळींचा तक्ता केला, आणि ही म्हणते नाही. मी बोलू नये ते बोललो. म्हटलं, "आवाज आहे त्याची किंमत नाही तुला. दुसरा कुठून आणू?" ती माझ्याकडे बघत राहिली. तशीच बघत राहिली होती, पेढे घेऊन गेलो होतो त्या दिवशी. काहीतरी माझ्या तोंडून यायची ती वाट बघत होती, आणि ते काय हे मला कळेना. शेवटी तिनं लिहिलं, "बघते."

बारशाच्या दिवशी ती आली, हिरवी साडी नेसून, गळ्याला त्याच रंगाचा रुमाल बांधून, काखेत टॅब. पाळण्यापाशी बसली. मी मनाची तयारी केली होती, बातम्यावाली तर बातम्यावाली. तिनं मला खूण केली, टॅब धर. मी बाळाच्या कानाशी धरला. तिनं आवाज बारीक केला आणि बोट ठेवलं.

"कुर्रर्र."

घोगरा आवाज. ज्येष्ठमध चघळणारा, बसलेला, ताईचा आवाज. आणि त्यापाठोपाठ, हळूच, माझ्या मुलीचं नाव.

बायको वाकून बसली होती, तिनंही ऐकलं आणि तोंडावर हात ठेवला. मग ताईनं आवाज मोठा केला आणि सगळ्यांसाठी पुन्हा लावलं. धपाटे घालायला जमलेल्या बायका हात वर करून तशाच उभ्या राहिल्या. शेवटी आमच्या थोरल्या मावशीनं डोळे पुसत पहिला धपाटा घातला, आणि मग इतके पडले की ताई पाळण्यावर आपटता आपटता राहिली. ती हसत होती. हसण्याचा आवाज नव्हता, खांदे नुसते हलत होते.

पंगती उठल्यावर मी तिला गॅलरीत गाठलं. "हे कुठून आणलंस?"

तिनं पेन काढलं. बोलायचं बटण न दाबता लिहून टॅब माझ्यासमोर धरला. "तुलाच पाठवलं होतं. ऑपरेशनच्या आदल्या सोमवारी."

मी फोन काढला. बोटानं मागे मागे जात राहिलो, डोहाळजेवणाचे फोटो, हॉस्पिटलची बिलं, वहीतल्या पानांचे फोटो, आणि त्याखाली तिचे नऊ आवाज. न ऐकलेले. आपण पाठवलेला आवाज समोरच्यानं ऐकला की त्याच्याजवळचं माइकचं चिन्ह निळं होतं. या नऊंजवळचं ते कधी निळं झालं नाही, हे ताई आठ महिने बघत होती.

सोमवारचा लावला. दोन मिनिटं चाळीस सेकंद.

"ऐक रे येड्या. नंतर मला जमायचं नाही म्हणून आत्ताच करून ठेवते. मुलगी झाली तर हे." कुर्र आणि नाव. "मुलगा झाला तर हे." कुर्र आणि दुसरं नाव, जे मी कुणाला सांगणार नाही. "बारशाला हेच लाव बाळाच्या कानाशी. मी शेजारी बसेन, धपाटे मीच खाणार. आणि नीट जपून ठेव, तुझ्यावर सोपवलंय. पद्धत मोडतेय, पण बारशापर्यंत नाव कुणाला सांगू नकोस." पुढे भलतंच सांगत बसली, लोणच्याची बरणी, माझं ब्लडप्रेशर, बायकोला लोहाच्या गोळ्या वेळेवर दे. ताई माझ्या शेजारी कठड्याला टेकून उभी होती आणि ओठ हलवत होती. प्रत्येक वाक्य तिच्या ओठांवर आधी यायचं आणि फोनमधून मग. तिला सगळं पाठ होतं. नाव कापून काढण्यासाठी तिनं ते टॅबच्या त्या दोन खिडक्यांमध्ये किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे.

ज्या आवाजासाठी मी चोवीस ओळींचा तक्ता केला, तो माझ्या खिशात होता. तिला ते ठाऊक होतं, आणि 'तुझा आवाज माझ्याकडे आहे' असं मी स्वतःहून म्हणावं एवढंच तिला हवं होतं.

शेवटी फोनमधली ताई म्हणाली, "ऐकलंस की लगेच फोन कर. नाही आला तर ऐकलंच नाहीस असं समजेन."

मी तिच्याकडे बघू शकलो नाही. खाली रस्त्याकडे बघत तिचा नंबर लावला. माझ्या शेजारी, हातभर अंतरावर, तिच्या पर्समध्ये फोन वाजला. तिनं पर्स उघडली, चष्मा लावून माझं नाव वाचलं, फोन उचलला आणि कानाला लावला.

"ऐकलं गं ताई," मी म्हटलं.

तिनं फोन कानावरून काढला नाही. मग मी बोलत राहिलो.