कुलपातली बाराखडी

सातपूरच्या कामगार वसाहतीत ‘मराठी टायपिंग करून मिळेल’ अशी पाटी लावलेल्या मोहिनी खैरनारला राग येतो, हे २००३ सालापर्यंत तिच्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. शांत बाई. टायपिंगची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेली. सत्त्याण्णव साली तिनं घरात कॉम्प्युटर आणला, तेव्हा गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला याव्यात तशा तो बघायला आल्या होत्या.

त्या कॉम्प्युटरच्या पाठीमागे, प्रिंटरची वायर लागते तिथं, काडेपेटीएवढी एक डबी खोचलेली असे. मराठी अक्षरांचा प्रोग्राम ज्या कंपनीचा, तिचं ते कुलूप. डबी असेल तर मराठी उमटणार, नसेल तर प्रोग्राम उघडणारच नाही. तेव्हा यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आपल्याच घरात, आपल्याच भाषेला, दुसऱ्याचं कुलूप! आज हे लिहितानाही डोकं तापतं.

नव्व्याण्णव साली तिच्याकडे झिपरू गावित गुरुजी आले. पेठ तालुक्यातले निवृत्त प्राथमिक शिक्षक. लहानपणी वर्गात घरची, कोकणा आदिवासींची कोकणी बोली बोलले म्हणून त्यांनी छड्या खाल्ल्या होत्या. मास्तर झाल्यावर त्यांनी पाड्यापाड्यांवर म्हाताऱ्या माणसांशेजारी बसून त्याच बोलीचे शब्द वहीत उतरवायला घेतले. नागली भाजण्याचे, रोपांच्या जागी राब जाळण्याचे, भाताची रोपं लावण्याचे म्हणजे आवणीचे, रुसण्याचे, नाती सांगण्याचे. तीस वर्षांत अकरा वह्या भरल्या. त्यांचं पुस्तक व्हावं, एवढं एकच गुरुजींचं मागणं होतं.

मोहिनीनं दोन वर्षं त्या टाइप केल्या. गुरुजी एसटीनं यायचे, शेजारी बसून एकेक शब्द तपासायचे. शेवटचं पान संपलं तेव्हा ती मोठ्या आनंदानं म्हणाली, “गुरुजी, आता वह्यांची कटकट संपली. सगळं कॉम्प्युटरमध्ये गेलं.”

हे वाक्य तिनं बोलायला नको होतं. गुरुजींना वाळवीची धास्ती होतीच. पण अक्षरं म्हणजे सरस्वती, ती रद्दीत कशी घालायची? त्यांनी रीतीप्रमाणे केलं. अकराही वह्या आणि तपासणीचे छापील कागद फडक्यात बांधले, वर हळदकुंकू वाहिलं आणि गंगेत सोडून दिले. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. नमस्कार करून गुरुजी समाधानानं घरी गेले आणि प्रस्तावना लिहायला बसले.

पुढं दीड वर्ष छापणाऱ्याची शोधाशोध चालली. आणि २००३च्या मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज कडाडली, वसाहतीतले चार टीव्ही आणि मोहिनीची डबी एकदमच गेली. कॉम्प्युटर दुरुस्त झाला, डबी मेली ती मेलीच. फाईलच्या दोन प्रती तिनं फ्लॉपीवर काढून ठेवल्या होत्या, इतकी ती जपून वागणारी. पण त्या प्रतीही त्याच कुलपातल्या. साध्या प्रोग्राममध्ये उघडल्या की पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी.

तिनं मुंबईला कंपनीत फोन लावला. पलीकडचा माणूस गोड आवाजात म्हणाला, “मॅडम, ते व्हर्जन बंद झालं. नवीन घ्या. पण त्यात जुनी फाईल उघडणार नाही.”

“अहो, पण फाईल माझी आहे!”

“फाईल तुमचीच आहे, मॅडम. अक्षरं आमची.”

मोहिनीनं फोन ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा ती ओरडली. “अक्षरं यांची? क ख ग यांच्या बापानं काढले?” नवरा पहिल्या पाळीहून नुकताच आलेला, तो डबा हातात धरून दारातच थांबला.

गावातल्या दुरुस्तीवाल्याचा सल्ला तर आणखी शहाणपणाचा. म्हणे, हार्ड डिस्क काढून ठेवून जा, आठवडाभरानं बघतो. त्या डिस्कवर कुणाचं मृत्युपत्र होतं, कुणाचा सोडचिठ्ठीचा अर्ज होता, कुणाचा साहेबाविरुद्धचा तक्रारअर्ज होता. लोकांनी विश्वासानं सांगितलेलं, ते काय याच्या टेबलावर उघडं टाकायचं? ती तशीच परत फिरली.

गुरुजी महिन्यातून एकदा यायचेच. काय झालं ते त्यांना कळलं होतं, तरी चहा घेताना कॉम्प्युटरकडे बघायचे. ज्यांनी शब्द सांगितले होते त्यांतली निम्मी माणसं आता राहिली नव्हती. मोहिनीला त्यांच्याकडे बघवत नसे.

मग तिला कुणीतरी पॉलिटेक्निकच्या स्नेहल मॅडमचं नाव सांगितलं. या मॅडम लोकांच्या कॉम्प्युटरवर लिनक्स नावाचं सॉफ्टवेअर बसवून द्यायच्या. मोफत, खुलं, कुणाची डबी नाही, कुणाची परवानगी नाही. त्या सीडी घेऊन घरी आल्या, फाईल उघडली आणि म्हणाल्या, “ताई, मजकूर मेलेला नाही. प्रत्येक मराठी अक्षर एकेका इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलंय. कुठलं कुठं, हा तक्ता मिळाला तर सगळं कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडणाऱ्या खुल्या मराठीत आणता येईल. पण तक्ता कंपनीकडेच असणार.”

मोहिनी पडद्याकडे बघत राहिली. डी, के, ई. तिची बोटं आपोआप टेबलावर हलली. टायपिंगच्या वर्गात घोटून घेतलेली बोटं ती. डी म्हणजे क, के म्हणजे काना, ई म्हणजे म. काम!

“तक्ता कशाला पाहिजे, मॅडम? माझ्या बोटांत आहे की!”

मग दोघींनी बसून तक्ता केला. मॅडमच्या प्रोग्राममधून पहिला मजकूर निघाला तर वेलांट्या भलत्याच अक्षरांवर. मोहिनी हसली. टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारतात, हे मॅडमना कुठून माहीत असणार? तेही सुधारलं. तीन आठवड्यांत अकरा वह्या पडद्यावर उभ्या राहिल्या. तेव्हा मोहिनी रडली, पण त्यातही अर्धा संतापच होता. कळा दाबल्या हिनं, शब्द जपले गुरुजींनी, आणि मालक म्हणे तिसराच!

गुरुजींना निरोप गेला. ते आले तेव्हा काखेत एक नवी वही होती. वर्षभर न सांगता त्यांनी आठवून आठवून पुन्हा लिहायला घेतलं होतं. अक्षर वाकडं झालं होतं. पहिल्या वहीचेही सगळे शब्द आठवले नव्हते.

मोहिनीनं छापलेला गठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला. गुरुजी एकेक पान बोटानं वाचत गेले. एका शब्दावर बोट थांबलं.

“हा माझ्या आईचा. चुलीपुढं म्हनायची. मला तर आठवतच नव्हता, बाई.”

मग त्यांनी डोळे पुसले, नवी वही पुढं केली आणि समाधानानं म्हणाले, “लय मोठं काम झालं. मंग ही आता गंगेत सोडून येऊ?”

“खबरदार, गुरुजी!” मोहिनी एवढ्या मोठ्यानं ओरडली की शेजारीण दारात आली. तिनं वही त्यांच्या हातातून ओढून घेतली आणि छातीशी घट्ट धरून ठेवली.