अठ्ठावीस दिवसांची पानं

माझ्या मावशीला कुणी गोड म्हटलेलं मी ऐकलं नाही, आणि तिलाही ते खपलं नसतं. विमानतळावरच्या नकाशा विभागात तिनं एकोणतीस वर्षं नोकरी केली. काम ऐकायला अगदी क्षुल्लक. वैमानिकांकडे जाडजूड फायली असायच्या. आकाशातली कुठली वाट कुठून जाते, वाटेवरच्या कुठल्या बिंदूचं नाव काय, दिशा दाखवणारा कुठला मनोरा चालू आणि कुठला बंद, हे सगळं त्यांत. या गोष्टी सारख्या बदलतात, म्हणून दर अठ्ठावीस दिवसांनी नवीन पानं छापून यायची. मावशी जुनं पान काढायची, त्यावर ‘रद्द’ असा शिक्का मारायची, मधोमध फाडायची, आणि मगच नवीन लावायची. हा क्रम तिनं कधीही उलटा केला नाही.

नोकरीच्या अकराव्या वर्षी एक वैमानिक तिच्या टेबलावर फाईल आपटून तिला वाट्टेल ते बोलून गेला. बंद झालेल्या एका मनोऱ्याचं जुनं पान फाईलमध्ये तसंच होतं. नवीन पान तिच्या साहेबांनी ‘बघून देतो’ म्हणून ड्रॉवरमध्ये टाकलं होतं. लेखी ठपका मात्र मावशीवर आला. त्या दिवसापासून तिनं साहेबांनासुद्धा पानाला बोट लावू दिलं नाही. ऑफिसात तिच्या माघारी तिला ‘कात्री’ म्हणत. तिला ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

ती निवृत्त झाली त्याच वर्षी तिची मुलगी आणि जावई तिच्याकडे राहायला आले. जावयाचं चष्म्याचं दुकान तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर होतं, आणि मावशी एकटी होती. सगळ्यांच्या सोयीचं असं वाटलं. पहिल्याच आठवड्यात मावशी एका लग्नासाठी बाहेरगावी गेली. परत आली तेव्हा तिचं शिलाई मशीन पॅसेजमध्ये, चपलांच्या रॅकशेजारी उभं होतं. मागच्या खोलीत तीन मोठे स्क्रीन, गाडीची एक सीट, पायाशी पेडल आणि हातात धरायचा दांडा अशी सगळी मांडामांड झाली होती. जावयाला घरबसल्या विमान चालवायचा नाद होता.

“विचारलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं,” मावशी मला म्हणाली. हे खोटं होतं. ती नाहीच म्हणाली असती.

तेव्हापासून त्या घरात दोघं एकमेकांशी ‘अहो-जाहो’ करत भांडत. तो तिला ‘आई’ म्हणे, पण असं, की जणू दुकानात उधारीवर चष्मा मागणाऱ्याशी बोलतोय. ती त्याला ‘जावईबापू’ म्हणे आणि ‘बापू’वर असा दाब देई, की समोरच्यानं गालावर हात ठेवावा. तो हेडफोन लावून कंट्रोल रूमशी बोलायला लागला की ती पॅसेजमधून मोठ्यानं म्हणे, “घरात माणसं आहेत, पण यांचं बोलणं भिंतीशी.” तो खोलीचं दार लावून घेई. ती झाडायला म्हणून ते उघडी.

जावयाचा आठ जणांचा गट होता. दर रविवारी दुपारी सगळे आपापल्या घरून एकाच वेळी एकाच वाटेनं उडत. त्या वर्षी पुढारीपण याच्याकडे होतं. वाट तो आखायचा, पहिलं विमान त्याचं. एका रविवारी समुद्रावर असताना त्याच्या विमानानं अचानक डावीकडे गर्रकन वळण घेतलं आणि ते भलतीकडेच निघालं. मागचे सात जण हसत सुटले. पुढच्या रविवारी पुन्हा तेच, त्याच ठिकाणी.

त्यानं हेडफोन काढून टेबलावर टाकला आणि तो बाहेर आला. मावशी पॅसेजमध्ये उशीचे अभ्रे शिवत होती.

“तुम्ही आत जाऊन काहीतरी दाबलंत.”

“मी धूळ पुसली. तुमच्या विमानावर बोटभर होती.”

“आई, ते खेळणं नाहीये. त्यात काय काय असतं तुम्हाला कळायचं नाही.”

“एकोणतीस वर्षं तेच केलंय मी.”

“तुम्ही पानं बदलत होतात!” तो ओरडला. “विमानं चालवत नव्हतात. पानं शिपाईही बदलतो.”

माईक चालूच होता. टेबलावरच्या हेडफोनमधून सात जणांचं हसणं पॅसेजपर्यंत आलं. मावशीनं मशीनचं चाक हातानं थांबवलं, दोरा तोडला आणि ती आपल्या खोलीत गेली. पुढचे सहा दिवस ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही.

त्या सहा दिवसांत जावयानं काय काय केलं, ते मला दोघांकडूनही कळलं. त्यानं कॉम्प्युटरमधून अख्खं विमान पुसून पुन्हा भरलं, वाटांच्या माहितीला मात्र हात लावला नाही. दांडा बदलून पाहिला. मदतीसाठी कंपनीला लिहिलं तर ‘चूक तुमच्याकडूनच होत असणार’ असं उत्तर आलं. खरी अडचण अशी होती: वाट तो एका वेबसाईटवर आखायचा, तिथे सगळं बिनचूक दिसायचं. मग तीच वाट विमानातल्या कॉम्प्युटरला द्यायची. तो कॉम्प्युटर म्हणायचा, समुद्रावरचा हा बिंदू मला माहीत नाही. जावई वैतागून त्याच जागेचं जुनं नाव हातानं टाकायचा. त्या नावाचे दोन बिंदू यादीत यायचे आणि हा वरचा निवडायचा. तो होता पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. विमान बिचारं हुकूम पाळून वळायचं.

गुरुवारी तो आपण आखलेल्या वाटेचा छापील कागद जेवणाच्या टेबलावर विसरला. मावशीनं चष्मा लावून तो वाचला. वरच्या कोपऱ्यात माहितीची मुदत छापलेली होती: कधीपासून कधीपर्यंत. तिनं कागद होता तसा ठेवला आणि शांतपणे चहा घेतला.

“तुला कळलंय काय झालंय ते,” मुलगी म्हणाली. ती आईचा चेहरा चांगला ओळखून होती.

“कळलंय.”

“मग सांग ना त्याला.”

“मला कोण विचारतंय? मी शिपाई.”

“आई, त्याला पुढारीपणावरून काढतील रविवारी.”

“काढू देत.”

“तुम्ही दोघांनी माझा जीव नकोसा केलाय,” मुलगी म्हणाली आणि हातातली बशी तिनं ओट्यावर इतक्या जोरात ठेवली की तिचा टवका उडाला. “तो उद्धट आहे. तू दुष्ट आहेस. मी दोघांना सोडून जाते, मग बसा एकमेकांची तोंडं बघत!”

मावशीनं नंतर मला कबूल केलं, “खोटं कशाला बोलू, मजा येत होती मला. तीन दिवस तो गुरासारखा राबत होता आणि मला उत्तर माहीत होतं. इतकं छान मला निवृत्तीनंतर वाटलंच नव्हतं.”

रविवारी मी तिथेच होते. उड्डाणाला अर्धा तास होता. मुलीनं नवऱ्याला जवळजवळ ढकलतच पॅसेजमध्ये आणलं. तो भिंतीकडे बघत म्हणाला, “आई, तुम्हाला काही माहीत असेल तर सांगा.”

“माईक चालू आहे का?”

“आहे. का?”

“मग त्यांच्यासमोर विचारा. त्या दिवशी बोललात तेही त्यांच्यासमोरच.”

त्याचे कान लाल झाले. मला वाटलं आता हा दार आपटून बाहेर जाणार. पण तो आत गेला, हेडफोन तोंडाशी धरला आणि म्हणाला, “माझ्या सासूबाई एकोणतीस वर्षं नकाशा विभागात होत्या. त्यांना विचारतोय.” एवढंच. माफीबिफी काही नाही. मावशीला तेवढं पुरलं की नाही ते सांगता येत नाही, पण ती उठली.

सीटवर ती बसली नाही. मागे उभी राहिली, हाताची घडी घालून.

“तुमच्या त्या छापील कागदावरची मुदत वाचा.”

त्यानं वाचली. चालू महिन्याची होती.

“आता विमानातल्या कॉम्प्युटरची मुदत कुठे दिसते?”

त्यानं एक पान उघडलं. मुदत चार महिन्यांपूर्वीच संपली होती. तो बघतच राहिला. “पण मी दर वेळी नवीन माहिती टाकतो!”

“टाकता. जुनी काढता का?”

त्यानं त्या माहितीचं फोल्डर उघडलं. जुन्या फोल्डरच्या पोटात नवीन फोल्डर पडलेलं, त्याच्या पोटात आणखी एक. विमान आपलं बाहेरचं जुनंच वाचत बसलेलं. मधल्या काळात समुद्रावरच्या त्या बिंदूचं नाव बदललं होतं. वेबसाईटला नवीन नाव माहीत होतं, विमानाला नव्हतं.

त्याचा हात पुसून टाकायच्या बटणाकडे गेला.

“थांबा!” मावशी कडाडली. “लगेच फाडायचं नाही. आधी बाहेर काढून बाजूला ठेवा. नवीन जागेवर लावा. ते वाचलं जातंय हे डोळ्यांनी बघा. मग फाडा.”

“तुम्ही तर आधी फाडायच्या.”

“माझ्याकडे नवीन पान हातात असायचं. तुमच्या हातात काय आहे?”

त्यानं दात-ओठ खात तसंच केलं. सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. मुदत या महिन्याची आली. वाट भरली; कॉम्प्युटरनं एकही बिंदू नाकारला नाही. पंचेचाळीस मिनिटांनी विमान समुद्रावरच्या त्या जागेवरून नाकासमोर सरळ गेलं. कुणीतरी हेडफोनमधून विचारलं, काय झालं होतं?

“एक जुनी फाईल राहिली होती,” जावई म्हणाला.

मावशी दारातून मागे वळली. “राहिली नव्हती. तुम्ही ठेवली होती. माझ्या साहेबांनीही असंच लिहिलं होतं, ‘पान राहिले’. पान आपोआप राहत नसतं.”

हेडफोनमध्ये कुणीच हसलं नाही. एका पोक्त आवाजानं विचारलं, “त्या बाई आमच्याही वाटा तपासून देतील का?”

असं ते सुरू झालं. आता आठही जण शनिवारी सकाळपर्यंत आपापल्या वाटा पाठवतात. मावशी त्या छापून घेते आणि लाल पेन्सिल घेऊन बसते. तिनं पुढारीपण मागितलं नाही, कुणी दिलंही नाही, पण तिच्या सहीशिवाय कुणाचं विमान हलत नाही. मशीन अजून पॅसेजमध्येच आहे. त्यावरून अजून भांडण होतं. जावई अजून आभार मानत नाही आणि ती अजून ‘बापू’वर दाब देते. मुलगी सोडून गेली नाही, पण तिनं स्वयंपाकघराच्या दाराला आतून कडी बसवून घेतली आहे आणि दोघांचे आवाज चढले की ती लावून घेते.

मागच्या शनिवारी मी गेले तेव्हा मावशी जावयाच्या दारासमोर वाकून कागद दाराखालून आत सरकवत होती. त्यावर तीन ठिकाणी लाल गोल होते.

“पुन्हा नामंजूर?” आतून आवाज आला. “आता काय काढलंत?”

“उतरायच्या जागेची धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद आहे. वाचत जा, जावईबापू.”

आत खुर्ची जोरात सरकली. मावशी कमरेवर हात ठेवून सरळ झाली, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, “दोन मिनिटं थांब, तो उत्तर देणार आहे.”