जखम नव्हती ती

सिन्नरहून फोन आला तेव्हा मी दोह्यात ऑफिसात होते. वहिनीचा भाऊ बोलत होता. "ताई, दादा गेले," एवढंच तो म्हणाला. आणि माझ्या तोंडून निघालं, "डॉक्टर काय म्हणाले?" आता कुठला डॉक्टर काय म्हणणार होता? पण दोन महिने मी दुसरं काही विचारलंच नव्हतं. आज पाच आठवडे झाले, तरी तो प्रश्न माझ्या तोंडातून जात नाही.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. इथं कतारमध्येच, रास लफानच्या गॅस प्लँटमध्ये तो मीटरं तपासायचा, राहायला अल खोरला होता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तो इथं आला आणि मागून त्याच्याच खटपटीनं माझ्या नवऱ्याला नोकरी लागली. बोलायला रोखठोक. जमणार असेल तर हो, नसेल तर तोंडावर नाही. माझं लग्न ठरत होतं तेव्हा पहिल्या स्थळाला त्यानं बैठकीतच सांगितलं होतं, की मुलगी नोकरी सोडणार नाही, चालत नसेल तर चहा घ्या आणि निघा. आई आठवडाभर त्याच्याशी बोलली नव्हती.

त्याचं पोट दुखायला लागलं तेव्हा आधी पित्तावरच्या गोळ्या झाल्या. मग पाठ धरली, वजन उतरलं, आणि एका सकाळी वहिनीनं फोन करून सांगितलं की यांचे डोळे हळदीसारखे पिवळे दिसतायत. दोह्याच्या हॉस्पिटलात दाखल केलं. वहिनीला इंग्रजी येत नाही, हिंदी जेमतेम. मी ऑफिसात सेक्रेटरी, म्हणून डॉक्टरांशी बोलायचं काम माझ्याकडे आलं.

स्कॅन झाला. एक डॉक्टर म्हणाले, सावली दिसतेय, तुकडा काढून तपासू. काढला. दुसरे म्हणाले, तो पुरेसा नव्हता, पुन्हा काढावा लागेल. मी विचारायची, रिपोर्ट कधी? इन्शाल्ला, रविवारी. रविवारी तिसरेच डॉक्टर राउंडला, त्यांनी फाइल आमच्यासमोरच पहिल्यांदा उघडलेली. मी जेवणाच्या सुट्टीत धावत यायची, काउंटरपाशी उभी राहायची, आणि परत जाताना हातात काहीच नसायचं. एकदा उघड्या फाइलीत मला 'लीजन' हा शब्द दिसला. ऑफिसात जाऊन डिक्शनरी काढली. अर्थ होता: इजा, जखम. तेवढाच एक शब्द मला पाच आठवड्यांत मिळाला होता, आणि मी तो घेऊन धावतच वहिनीकडे गेले. म्हटलं, वहिनी, आत जखम आहे. जखम काय, भरते. त्या दिवसापासून ती रोज साजूक तुपातला शिरा करून आणायला लागली, जखम भरून यावी म्हणून. दादा दोन घास खायचा आणि वाटी बाजूला ठेवायचा. ती म्हणायची, अजून एक. तो तिच्यासाठी अजून एक खायचा...

शेवटी दादाच म्हणाला, मला घरी न्या. विमान कंपनीनं आजारी प्रवाशाचा फॉर्म दिला, डॉक्टरांनी भरून द्यायचा. मला वाटलं, यालाही आठवडा जाणार. पण मोठ्या डॉक्टरांनी तो उभ्या उभ्या दहा मिनिटांत भरला. मी कॉरिडॉरमध्ये वाचला. आजाराचं नाव: स्वादुपिंडाचा कॅन्सर. यकृतात पसरलेला. पुढची शक्यता: काही आठवडे. खाली सही, शिक्का. मी डॉक्टरांच्या मागे गेले आणि विचारलं, हे आम्हाला का नाही सांगितलंत? ते रागावले नाहीत. म्हणाले, पक्का रिपोर्ट कालच आला, आणि तुम्ही रोज मला रिपोर्ट कधी येणार एवढंच विचारत होता. खरंच, 'त्याला काय झालंय' हे मी एकदाही सरळ विचारलं नव्हतं. आजही मी ठरवू शकत नाही, की ते सांगत नव्हते की मीच ऐकायला उभी नव्हते.

वॉर्डात दादानं हात पुढे केला. फॉर्म मी मागे लपवला होता, तो त्याला दिसला. "आण इकडे." त्यानं तो दोनदा वाचला, मग घडी घातली. "आठवडे," तो म्हणाला. "बरं झालं, कुणीतरी लिहिलं." मी रडायला लागले तर म्हणाला, "तुझ्या वहिनीला मी सांगतो. तू बाहेर थांब."

मी पडद्याबाहेर थांबले. आतून रडणं ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळानं वहिनी बाहेर आली, हातात शिऱ्याचा डबा तसाच. माझ्याकडे बघून तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे ताई, ती जखम नव्हती?"

त्यानंतर चौथ्या दिवशी ते मुंबईच्या विमानात बसले. सिन्नरला त्याला सोळा दिवस मिळाले. वहिनी म्हणते, शेवटचे काही सोडले तर ते चांगले गेले. भेटायला आलेल्या प्रत्येकाला त्यानं आजाराचं नाव घेऊन सांगितलं. तिनं माझ्यावर कधी राग धरला नाही. धरला असता तर बरं झालं असतं.

दर शुक्रवारी दादा आणि वहिनी आमच्याकडे जेवायला यायचे. संध्याकाळी परत निघाले की अल खोरपर्यंत पाऊण तासाचा सरळ रस्ता. घरी पोचला की तो फोन करायचा, दोन रिंगा द्यायचा आणि ठेवायचा. आम्ही तो उचलायचा नाही; पोचलो, काळजी करू नका, एवढाच त्याचा अर्थ. इतक्या वर्षांत एकदाही चुकला नाही. परवा शुक्रवारी आठच्या सुमाराला नवरा फोन करायला म्हणून उठला. मी त्याला म्हटलं, थांब जरा, लाइन मोकळी राहू दे... तो माझ्या शेजारी येऊन बसला.